घळीतले कॅल्शियम

वेळणेश्वरहून दक्षिणेला निघालात की थोड्याच अंतरावर हेदवी लागते. बहुतेक पाहुणे दशभुज गणेशाचे दर्शन घेतात आणि परत फिरतात. ज्यांना भरतीची वेळ ठाऊक असते ते पुढे समुद्राकाठी उमामहेश्वराच्या देवळापाशी येतात आणि कातळावर उभे राहून बामणघळीची वाट पाहतात. घळ म्हणजे काळ्या कातळाला पडलेली लांब, अरुंद भेग. मोकळ्या किनाऱ्यावर जी लाट पुळणीवर पसरून विरून जाते, तीच या भेगेत शिरली की दोन्ही बाजूंनी कोंडते, शेवटच्या भिंतीवर आदळते आणि माणसाच्या डोक्यावर कितीतरी उंच उसळते. पाणी तेच, लाट तीच. फरक फक्त जागेचा.

एका शास्त्रीय विषयाच्या प्रस्तावनेत ही घळ कशाला, असे वाचकांना वाटेल. विषय आहे हृदयाच्या स्नायूपेशींचा. या पेशींत कोणते प्रथिन नेमके कुठे बसले आहे, शेजारच्या प्रथिनापासून किती अंतरावर आहे आणि ते अंतर बदलले तर काय होते, हे प्रकाशाच्या साहाय्याने पाहण्याची विद्या गेल्या वीसेक वर्षांत उभी राहिली. तिला सुपर-रिझोल्यूशन सूक्ष्मदर्शन म्हणतात. मराठीत कोणी अतिविभेदन म्हणते. नाव जड आहे आणि विषयही पहिल्या भेटीत परका वाटतो. पण हृदयाच्या प्रत्येक पेशीत हजारो बामणघळी आहेत, आणि तुमच्या छातीतला या क्षणीचा ठोका त्या सगळ्या घळी एकाच वेळी भरल्यामुळे पडला, एवढे लक्षात ठेवले तर पुढची वाट सोपी होते.

आधी थोडा इतिहास. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे एक डॉक्टर बेडकाचे हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. १८८२ साली त्यांनी जाहीर केले की मिठाच्या साध्या द्रावणात हृदय उत्तम चालते. पुढे ध्यानात आले की द्रावण शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलेच नव्हते, त्यात नळाचे पाणी होते. खऱ्या शुद्ध पाण्यात द्रावण केले तेव्हा हृदय मंदावले आणि थांबले. लंडनच्या नळातून येणाऱ्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हृदयाला चालवत होता. रिंगर यांनी १८८३ साली आपली चूक स्वतः छापून दुरुस्त केली. आजही दवाखान्यात सलाइनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ वाचाल तेव्हा या नळाच्या पाण्याची आठवण ठेवा. मला या विषयातली ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते, कारण तिच्यात चूक आहे आणि ती लपवलेली नाही.

हातापायाचे स्नायू बाहेर कॅल्शियम नसले तरी बराच वेळ आकुंचन पावू शकतात. हृदय नाही. पेशीच्या आत कॅल्शियमची मोठी कोठी असते आणि आकुंचनासाठी लागणारे बहुतेक कॅल्शियम तिथूनच येते. मात्र हृदयात त्या कोठीचे दार बाहेरून आलेल्या थोड्याशा कॅल्शियमनेच उघडते. थोडे आत आले की पुष्कळ सुटते. ही साखळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अलेक्झांडर फाबियातो आणि इतरांनी बाह्यपटल सोलून काढलेल्या पेशींवर काम करून सिद्ध केली.

हे दार म्हणजे रायनोडिन रिसेप्टर नावाचे प्रथिन. नाव आले आहे रायानिया नावाच्या दक्षिण अमेरिकी झुडपावरून, ज्याचा अर्क पूर्वी कीटकनाशक म्हणून वापरत. आपल्याकडचा शेतकरी या प्रथिनाला नावाने ओळखत नाही, पण त्याच्याशी त्याचा व्यवहार रोजचा आहे. भातावरच्या खोडकिड्यासाठी जे क्लोरँट्रॅनिलिप्रोल फवारतात, ते किड्याच्या याच दारावर जाऊन बसते आणि दार उघडे ठेवते. कॅल्शियम गळत राहते, किड्याचे स्नायू लुळे पडतात, तो खाणे थांबवतो. माणसाच्या दाराशी हे औषध फारसे जुळत नाही म्हणून ते त्यामानाने सुरक्षित मानतात. पंप पाठीला लावून बांधावरून चालणारा माणूस आणि हृदयाच्या पेशीचा अभ्यासक एकाच रेणूच्या दोन टोकांना उभे आहेत, ही गोष्ट मला वर्गात सांगायला नेहमी बरे वाटे. मुलांची मान पहिल्यांदा तिथेच वर होई.

आता पेशीच्या आत जाऊ. माणसाच्या हृदयाची स्नायूपेशी सुमारे एक दशांश मिलिमीटर लांब, विटेसारखी लांबट असते. तिच्यावर आडवे पट्टे असतात, दोन पट्ट्यांत साधारण दोन मायक्रोमीटर, म्हणजे दोन हजार नॅनोमीटर अंतर. प्रत्येक पट्ट्याच्या रेषेत पेशीचे बाह्यपटल आत वळून बारीक नळ्या बनते. आगरात पाटाचे पाणी आत खोलवर जावे म्हणून दांड काढतात, तशाच या नळ्या. विजेचा इशारा त्यांच्यातून पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचतो. नळीची जाडी दोनतीनशे नॅनोमीटर. नळीच्या भिंतीला लगटून कॅल्शियमची कोठी बसलेली असते, आणि दोघींच्या मध्ये जी फट राहते ती जेमतेम १२ ते १५ नॅनोमीटरची. हीच आपली घळ. तिच्या एका काठावर बाहेरचे कॅल्शियम आत सोडणारी दारे, समोरच्या काठावर रायनोडिन रिसेप्टरांची रांग.

एवढी अरुंद फट कशासाठी, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे आणि वाचकांनी तो कागदावर करून पाहावा अशी माझी विनंती आहे. घळीची उंची १५ नॅनोमीटर आणि ती २०० नॅनोमीटर त्रिज्येच्या चकतीएवढी आहे असे धरा. पेशी विश्रांतीत असताना मोकळ्या कॅल्शियमची तीव्रता सुमारे १०० नॅनोमोलर असते. गुणाकार करा. घळीत कॅल्शियमचे किती आयन निघतात? एकाचा दहावा भाग. म्हणजे दहा घळी तपासाव्या तेव्हा एखाद्या घळीत एकुलता एक मोकळा आयन सापडायचा. आता बाहेरचे कॅल्शियम सोडणारे दार क्षणभर उघडले आणि शंभरेक आयन आत आले, की घळीतली तीव्रता हजारपट होते. तेच शंभर आयन मोकळ्या पेशीत सोडले असते तर कोणाला कळलेही नसते. इथे ‘किती’ या प्रश्नाला ‘कुठे’ हे उत्तर आहे. या विषयाचे मर्म मला विचाराल तर मी एवढ्यावरच बोट ठेवीन.

म्हणूनच प्रथिनाच्या जागेला इतके महत्त्व. घळ १५ नॅनोमीटरऐवजी ३० झाली, किंवा समोरासमोरची दारे थोडी सरकली, तर एकही रेणू कमी न होता ठोका दुबळा होऊ शकतो. रक्ततपासणीत ते दिसणार नाही. ऊतक वाटून प्रथिन मोजले तरी आकडा पूर्वीएवढाच येईल, कारण वाटताना जागा पुसली जाते. चिऱ्यांची भिंत पाडून चिरे मोजले तर संख्या बरोबर भरते. भिंत कुठे खचली होती ते मात्र कळत नाही.

मग पाहायचे कसे? इथे प्रकाशाचा स्वभाव आडवा येतो. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिले की कितीही उत्तम भिंग घडवले तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसू शकत नाहीत. जर्मनीत येना गावी त्यांच्या स्मारकावर हे सूत्र दगडात कोरलेले आहे. व्यवहारात ही मर्यादा २०० ते २५० नॅनोमीटरची. आपली संपूर्ण घळ तिच्याहून फार मोठी नाही आणि एक रायनोडिन रिसेप्टर तर ३० नॅनोमीटरच्या आतबाहेरचा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला तो दिसतो, पण तिथे ऊतकाचे अतिपातळ काप करावे लागतात आणि शेजारी बसलेली निरनिराळी प्रथिने नावानिशी ओळखणे कठीण जाते. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात हव्या त्या प्रथिनाला रंगाचा दिवा लावता येतो. दिवा लागतो, पण दिसतो धूसर.

रात्री वेळणेश्वरच्या पुळणीवर बसून समोर पाहा. मासेमारीच्या होड्या लांब गेलेल्या असतात. दोन होड्या जवळजवळ असल्या तर त्यांचा एकच पसरट उजेड दिसतो. दोन की तीन सांगता येत नाही. पण समजा, प्रत्येक होडीने आपला दिवा पाळीपाळीने लावला आणि विझवला. एका वेळी एकच दिवा दिसला तर तोही पसरटच दिसेल, पण त्या पसरट ठिपक्याचा मध्य कुठे आहे हे तुम्ही बरेच अचूक सांगू शकाल. मध्यावर खूण करा. पुढचा दिवा, पुढची खूण. रात्रभरात कागदावर खुणांचा जो नकाशा उतरेल त्यात होड्या वेगवेगळ्या झालेल्या असतील, डोळ्यांनी एकदाही वेगळ्या न दिसता. आबे यांचा नियम कुठे मोडला नाही. त्याला वळसा घातला. आणि मध्य किती अचूक सापडेल हे दिव्यातून किती प्रकाश मिळाला त्यावर ठरते: शंभर प्रकाशकण मिळाले तर अचूकता दहापट, दहा हजार मिळाले तर शंभरपट.

ही युक्ती २००६ साली तीन निरनिराळ्या गटांनी जवळजवळ एकाच सुमारास प्रत्यक्षात आणली. त्यांपैकी एरिक बेट्झिग यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. संशोधनाला कंटाळून ते वडिलांच्या यंत्र बनवण्याच्या कारखान्यात जाऊन काम करीत होते. परतले तेव्हा हातात नोकरी नव्हती. मित्र हॅरल्ड हेस यांच्या कॅलिफोर्नियातील घराच्या दिवाणखान्यात दोघांनी मिळून पहिला सूक्ष्मदर्शक जुळवला. स्टेफान हेल यांनी दुसरी वाट काढली: मधला ठिपका चमकू द्यायचा आणि भोवतीच्या कड्यातला उजेड दुसऱ्या लेसरने विझवून टाकायचा. बेट्झिग, हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तिसरी वाट अगदीच घरगुती आहे. एडवर्ड बॉयडन यांच्या गटाने २०१५ साली विचार केला, भिंग मोठे होत नसेल तर वस्तूच मोठी करू. त्यांनी पेशीत लहान मुलांच्या डायपरमध्ये असतो तसला पाणी शोषणारा जेल भरला, प्रथिनांच्या खुणा त्याला बांधल्या आणि पाणी घातले. जेल चारपाच पट फुगला, खुणा त्याच प्रमाणात दूर गेल्या. सब्जा भिजवून पाहिलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही. पुढे दहापट फुगणारे जेल आले आणि २०१९ साली लीड्स येथील गटाने ते हृदयपेशींवर वापरले.

पाळीपाळीने चमकणारा दिवा आला कुठून, हे सांगितल्याशिवाय किनाऱ्यावर राहणाऱ्याने पुढे जाऊ नये. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या सुमारास एखाद्या काळोख्या रात्री लाट फुटताना निळसर चमकते, पाऊल टाकले की ओल्या वाळूत ठिणग्या उठतात. ती किमया नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवाची आणि तिचे रसायन वेगळे. पण अशाच सागरी उजेडाच्या मागे लागून ओसामू शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षानुवर्षे लाखो जेलीफिश गोळा केले. अगदी सुरुवातीलाच, १९६२ साली, त्यांना दोन प्रथिने मिळाली. पहिले एक्वोरिन: कॅल्शियम भेटले की चमकणारे. दुसरे हिरवे, ज्याला आज जग जीएफपी म्हणून ओळखते. एक्वोरिन बेडकाच्या हृदयाच्या स्नायूत घालून डेव्हिड अ‍ॅलन आणि जॉन ब्लिंक्स यांनी १९७८ साली प्रत्येक ठोक्यासरशी कॅल्शियमची लाट उठताना प्रथम पाहिली. हिरव्या प्रथिनाचे पुढे असे वाण तयार झाले की प्रकाश टाकावा तेव्हाच ते पेटावे. बेट्झिग यांच्या यंत्रातले पाळीचे दिवे त्याच कुळातले. एकाच जेलीफिशने हृदयाची लाटही दाखवली आणि ती जिथे उठते ती जागा पाहण्याचा दिवाही दिला. शिमोमुरा यांना २००८ साली नोबेल मिळाले.

१९९३ साली हेपिंग चेंग, जोनाथन लेडरर आणि मार्क कॅनेल यांनी उंदराच्या शांत हृदयपेशीत अधूनमधून उठणारे अगदी छोटे चमकारे टिपले आणि त्यांना कॅल्शियमच्या ठिणग्या म्हटले. एक ठिणगी म्हणजे एका घळीचे उसळणे. ठोका म्हणजे हजारो ठिणग्या एकदम. पण एका घळीत दारे किती? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरून अंदाज होता शंभर किंवा अधिक, आणि तीही फरशा बसवाव्या तशी गच्च. २००९ साली ऑकलंड विद्यापीठात डेव्हिड बॅडले, ख्रिश्चन सोलर आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने उंदराच्या पेशींचा पृष्ठभाग पाहिला तेव्हा सरासरी निघाली चौदाच्या आसपास. मोठे पुंजके थोडे, लहान पुष्कळ, काही तर एकटेदुकटे. २०१८ साली एक्सेटर येथे इसुरू जयसिंघे, सोलर आणि सहकाऱ्यांनी आणखी बारीक पद्धत वापरून एकेक रिसेप्टर सुटा पाडला. फरशा गच्च बसवलेल्या नव्हत्याच. मध्ये फटी होत्या, अंतरे कमीजास्त होती. घराच्या अंगणात वाळत घातलेली सुपारी पाहावी, इथे दाट, तिथे विरळ, तसे काहीसे.

त्याच वर्षी ऑस्लोच्या गटाने हृदयविकाराचा झटका आलेल्या उंदरांची हृदये तपासली. निकामी होत चाललेल्या हृदयात पुंजके फुटून विखुरले होते. विखुरलेल्या दारांतून कॅल्शियम सुटत होते, पण संथपणे, अवेळी, आणि पुष्कळदा ठिणगी न दिसताच गळत होते. त्याआधी २०१२ साली गॉटिंगेन येथे हेल यांच्या पद्धतीने पाहिले गेले होते की झटक्यानंतर पेशीतल्या त्या दांडांसारख्या नळ्यांचीही घडी विस्कटते. औषधाने पुंजके पुन्हा जुळतील का, हा प्रश्न आज या क्षेत्रातील अनेकांना झोप लागू देत नाही.

हे सगळे दूरदेशीचे आहे, आपला त्यात काय वाटा, असे वाटणे स्वाभाविक आहे. वाटा आहे, आणि तो थोडा अस्वस्थ करणारा आहे. २००९ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयस्नायूतील मायोसिन बाइंडिंग प्रोटीन-सी या प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरे गळण्याचा एक दोष भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो आणि त्याने हृदयस्नायूच्या आजाराचा धोका वाढतो, असे त्यात दिसले. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. काहींना उतारवयात त्रास होतो. का, हा अजून अभ्यासाचा विषय आहे. आता हे प्रथिन बसते कुठे पाहा. मायोसिनच्या जाड धाग्यावर, मधल्या ठरावीक टप्प्यात, सुमारे ४३ नॅनोमीटरच्या अंतराने त्याचे पट्टे असतात. साध्या सूक्ष्मदर्शकात हे सगळे पट्टे मिळून दोन धूसर फराटे दिसतात. दोष असलेले प्रथिन त्या पट्ट्यांत नीट बसते की बाहेर भटकते, हा प्रश्न जागेचा आहे, आणि तो विचारायला भारतातील प्रयोगशाळेहून योग्य ठिकाण कोणते?

पायाही नाही असे नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, तेव्हा शरीराबाहेर पेशी जगवणे हीच नवलाई होती. मुंबईच्याच के.ई.एम. रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया केली. जगातल्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण वाचला नाही, पण हात आणि हिंमत इथे होती. आज मानवी हृदयपेशींचे जे अभ्यास होतात त्यांतील ऊतक बहुधा अशाच शस्त्रक्रियांत काढलेल्या थकलेल्या हृदयांचे असते. देणाऱ्या माणसाची आणि त्याच्या घरच्यांची संमती त्यामागे असते. चित्र पाहताना हे विसरू नये.

चित्र कसे पाहावे, हे आता सांगतो, कारण नवख्याची फसगत इथेच होते. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे सोनेरी ठिपके पाहून डोळे दिपतात. वाचकांनी प्रथम कोपऱ्यातली मोजपट्टी शोधावी. ती एक मायक्रोमीटरची आहे की शंभर नॅनोमीटरची, हे कळल्याशिवाय चित्राला अर्थ नाही. दुसरे, हे छायाचित्र नव्हे. होड्यांच्या खुणांचा जो कागद आपण तयार केला त्याच्याच जातीचे हे काम: हजारो निरीक्षणांची यादी, नंतर चित्राच्या रूपात मांडलेली. एकच दिवा दोनदा पेटला तर तो दोनदा मोजला गेला असेल. एखादा पेटलाच नाही तर तो मुळी नाहीच. तिसरे, दिवा प्रथिनाला थेट चिकटलेला नसतो. प्रथिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडाच्या टोकाला तो असतो आणि प्रतिपिंडच दहाएक नॅनोमीटरचे. दोन जोडली तर आणखी लांब. दाव्याने बांधलेली गाय दिसली म्हणजे खुंटा नेमका गायीखालीच आहे असे होत नाही. गाय पाहा, पण दाव्याची लांबी विचारा.

आणि पेशी कोणाची, हेही विचारा. उंदराचे हृदय मिनिटाला तीनशेहून अधिक ठोके देते, आपले सत्तर. तिथले अंतर इथे जसेच्या तसे लागू होईलच असे नाही. शिवाय यांतल्या बहुतेक पेशी रसायनाने जागच्या जागी गोठवलेल्या असतात. आपण पाहतो तो ठोक्यातला एक थांबलेला क्षण.

पेशी मिळवण्याचे काम एकदा जवळून पाहायला मिळाले तर सोडू नका. उंदराचे छोटे हृदय महाधमनीतून काचेच्या नळीला टांगतात आणि उलट्या दिशेने कोमट द्रावण सोडतात. ही पद्धत ऑस्कर लांगेनडॉर्फ यांची, १८९५ सालची. आधी कॅल्शियमविरहित द्रावण. काही क्षणांत हृदय थांबते, रिंगर यांच्या बेडकासारखेच. मग पेशींना एकत्र धरणारे कोलॅजेन विरघळवणारे विकर. हृदय हळूहळू मऊ, फिकट होते, फुगते. चिमट्याने स्पर्श केला की वर आलेल्या मऊ भातासारखे सुटू लागते. थेंबभर काचेवर घेऊन पाहिले की पट्ट्यापट्ट्यांच्या सरळ, काटकोनी कडांच्या पेशी दिसतात. त्यांच्यामध्ये गोळा होऊन पडलेल्या पेशी मेलेल्या. त्यानंतरचे काम सर्वांत नाजूक: काढून घेतलेले कॅल्शियम परत द्यायचे, पण अगदी थोडे, थांबून, पुन्हा थोडे. एकदम दिले तर समोरच्या सरळ पेशी पाहता पाहता आखडतात आणि गोळे होतात. ज्याच्यावाचून हृदय चालत नाही तेच घाईने दिले की हृदय मरते. माझ्या हातून पहिल्या प्रयत्नात काचेवर गोळ्यांखेरीज काही उरले नव्हते. दिवसभराची मेहनत, आणि दोष माझ्या उतावळेपणाचा.

या विषयाकडे यायला वैद्यकाचीच पार्श्वभूमी हवी असा समज असेल तर तो सोडून द्यावा. आमच्या वेळणेश्वरला महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना मी सांगू इच्छितो की यातले अर्धे काम तुमच्या शाखेचे: लेसर, कॅमेरा, संकेतप्रक्रिया, ठिपक्याचा मध्य काढणारी आज्ञावली. हजारो चित्रांतून दिवे वेगळे काढणे हे गणित आहे. बेट्झिग भौतिकशास्त्रज्ञ, बॉयडन यांचे शिक्षण अभियांत्रिकीचे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्राशी मैत्री करावी, अभियंत्याने एकदा तरी काचेवरची पेशी आखडताना पाहावी. दोघांनी एकमेकांना मूर्ख प्रश्न विचारायला लाजू नये. या क्षेत्रातले बरेच शहाणपण तसल्या प्रश्नांतून आले आहे.

भाषेबद्दल थोडे. मराठीत काळीज म्हटले की हृदयही होते आणि खाटकाकडे गेलात तर यकृतही. शास्त्राला असा सैलपणा चालत नाही, म्हणून परिभाषा हवी. पण दर ओळीला नवा संस्कृत शब्द घडवून वाचकाची दमछाक करण्यात मला पुरुषार्थ वाटत नाही. रिसेप्टर, जेल, लेसर हे शब्द रुळले आहेत, ते तसेच घ्यावेत. जिथे आपला शब्द नेमका बसतो तिथे तो वापरावा: कोठी, दांड, घळ, ठिणगी. हे शब्द वापरून लिहिताना मला विषय स्वतःलाच अधिक समजला, हे कबूल करतो.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल तर रिंगर यांची १८८३ सालची नोंद, मग १९९३ सालच्या ठिणग्या, मग २००९ सालचे पुंजके, या क्रमाने वाचा. तिन्ही निबंध छोटे आहेत. वाचताना प्रत्येक वेळी तो घळीचा हिशेब शेजारी ठेवा आणि आकडे बदलून पाहा: उंची दुप्पट केली तर काय होते, दारे निम्मी केली तर काय. आणि जमल्यास इकडे या. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या पुढेमागे, उधाणाच्या भरतीला बामणघळ पाहा. कातळ शेवाळलेला असतो, कडेपासून लांब उभे राहा. मग सहा तास थांबून ओहोटीला पुन्हा जा. तेव्हा ती अगदी साधी भेग असते, तळाशी थोडे पाणी आणि दोनचार खेकडे.